घराण्यातील पूर्वज स्त्रीचा शोध

वंशावळीत पुरुषांची नावे अनेक पिढ्यांपर्यंत सलग सापडतात. खापरपणजीच्या ठिकाणी मात्र बहुधा जागा रिकामी असते. विवाहसमयी वधूचे नाव बदलण्याच्या रूढीमुळे एकाच स्त्रीची नोंद माहेरी एका नावाने, तर सासरी दुसऱ्या नावाने होते. म्हणून तिचा शोध दोन्ही घरांतून घ्यावा लागतो.

आरंभ श्राद्धाच्या यादीपासून करावा. तर्पणात माता, पितामही व प्रपितामही यांचा नामोच्चार होत असल्याने तीन पिढ्यांची सासरची नावे मिळतात. घराण्यातील कोणी तीर्थयात्रा केली असल्यास नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात.

माहेरच्या शोधासाठी गोमंतकात एक विशेष साधन उपलब्ध आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा येथे १८७० पासून लागू झाला. त्यात मुलींनाही वारसाहक्क होता. त्यामुळे पित्याच्या निधनानंतर न्यायालयात होणाऱ्या ‘इन्व्हेंतार’ या वाटणीच्या कामकाजात विवाहित कन्या व जावई यांचीही नावे आढळतात. स्थावर विकताना पत्नीची संमती लागत असल्याने विक्रीच्या दस्तांतही तिचा उल्लेख असतो. हे जुने कागद पोर्तुगीज भाषेत असल्याने जाणकाराचे साहाय्य घ्यावे. त्यांत शेणवी हे ‘सिनाय’, तर प्रभू हे ‘पोरोबो’ असे लिहिलेले दिसते.

मिळालेले माहेरचे नाव, गाव व कुलदैवत वंशावळीत पतीच्या नावाशेजारी लिहून ठेवावे. तत्पूर्वी घरातील वयोवृद्ध स्त्रियांना अवश्य विचारावे. कोणत्याही दप्तरात नसलेले नाव पुष्कळदा त्यांच्याच स्मरणात असते.