प्रायोजित योगदान, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील

ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना पाहता, वापरता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, तिला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. अशा आज्ञावलीवर काम करणाऱ्या व्यक्तीच्या वेळेचा मोबदला एखादी कंपनी, संस्था किंवा वापरकर्त्यांचा समूह देत असेल, तर त्या कामास प्रायोजित योगदान म्हणतात. मोबदला प्रायोजक देतो. परंतु तयार झालेले काम परवान्यानुसार सर्वांना खुले राहते.

गरज : नवी सोय निर्माण करण्यास हौशी कार्यकर्ते सहज पुढे येतात, जुन्या संहितेची निगा राखण्यास तितके येत नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता तिच्यावर अवलंबून होती. तरीही तिच्या संस्थेला देणग्यांतून वर्षाला सु. २,००० डॉलरच मिळत. या घटनेनंतर देखभालीसाठी नियमित निधी देण्याचे संघटित प्रयत्न सुरू झाले. त्याच वर्षी वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी, वर्डप्रेसवर व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मनुष्यबळाचा ५ टक्के भाग त्या प्रकल्पाला द्यावा, अशी कल्पना मांडली.

कामाचे स्वरूप : प्रायोजित योगदात्याचे महिन्याचे काम प्रामुख्याने देखभालीचे असते. आलेल्या तक्रारींची छाननी करणे, दोष स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून पाहणे, इतरांनी सुचविलेल्या दुरुस्त्या तपासणे, नव्या आवृत्तीची चाचणी घेणे, माहितीपुस्तिका अद्ययावत ठेवणे व नवागतांना मार्गदर्शन करणे ही कामे त्यात येतात. महिनाभराच्या परिश्रमातून संहितेत मोजक्याच ओळींची भर पडते, असेही घडते. म्हणून केवळ ओळी मोजून या कामाचे मूल्य ठरविता येत नाही. डेबियन या संचालन प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याच्या योजनेत अनेक प्रायोजकांचा निधी एकत्र करून योगदात्यांना तासांप्रमाणे मोबदला दिला जातो व प्रत्येकजण आपल्या कामाचा मासिक अहवाल जाहीर करतो.

पुण्यातील कार्य : पुण्यात या पद्धतीची दोन ठळक उदाहरणे आढळतात. भारतीय लिप्यांसाठीचे ‘लोहित’ हे टंकसंच रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. त्यांची मूळ घडण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची होती. पुढे रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी त्यांच्या देखभालीत महत्त्वाचा वाटा उचलला. हे काम वरवर किरकोळ वाटते. परंतु मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. जोडाक्षर मांडण्याचा एक नियम टंकसंचात चुकला, तर अर्थच बदलतो. दुसरे उदाहरण २००९ मध्ये राहुल बन्सल यांनी स्थापन केलेल्या आरटीकॅम्प या कंपनीचे होय. वर्डप्रेसवर आधारित सेवा देणारी ही कंपनी आपल्या काही कर्मचाऱ्यांचा वेळ त्या प्रकल्पाला देते. ज्या साधनावर व्यवसाय उभा आहे त्याची निगा राखणे, हा त्यामागील व्यावहारिक हेतू असतो.

मर्यादा : निधी देणारा काय मागतो व प्रकल्पाला काय हवे, यांत तफावत पडू शकते. एकाच प्रायोजकावरील अवलंबित्व त्याहून धोक्याचे ठरते. वर्डप्रेसचा सर्वांत मोठा प्रायोजक असलेल्या ऑटोमॅटिक कंपनीने न्यायालयीन वादाच्या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२५ मध्ये आपले योगदान काही हजार तासांवरून आठवड्याला सु. ४५ तासांवर आणले. परिणामी ६.८ हीच त्या वर्षातील अखेरची मोठी आवृत्ती असेल, असे जाहीर करावे लागले. मे महिन्यात कंपनी परतली आणि डिसेंबरमध्ये ६.९ ही आवृत्ती निघाली. संहिता मुक्त असल्याने प्रायोजक गेला तरी ती नष्ट होत नाही, दुसरा कोणीही ती पुढे नेऊ शकतो. मात्र ती जाणणारी माणसे टिकली नाहीत, तर हे स्वातंत्र्य कागदावरच राहते. यामुळे अनेक प्रायोजक, कामाचा जाहीर हिशेब आणि स्वयंसेवकांनाही निर्णयांत समान स्थान, या तीन गोष्टी या पद्धतीच्या स्थैर्यासाठी आवश्यक ठरतात.