उशिरा उघडलेले कान

रॉक म्हणजे गोंगाट, असा माझा ठाम समज होता. नाट्यसंगीतावर पोसलेल्या कानांना दुसरे काही रुचत नसे. मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला, तेव्हा त्याची एक सीडी गाडीतच राहिली : ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडची, २००० साली निघालेली ‘कंदिसा’. एके संध्याकाळी मिसरोदहून होशंगाबादला (आताचे नर्मदापुरम) जाताना ती सहज लावली. ‘माँ रेवा’ सुरू झाले आणि मी चकित झालो. हे तर आपल्या नर्मदामाईचे लोकगीत! नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेल्या राहुल राम यांचे बास गिटार, सुश्मित सेन यांचे गिटार, अमित किलम यांचे ड्रम्स, असीम चक्रवर्ती यांचा तबला. कोणीच कोणाला झाकत नव्हते. शीर्षकगीत तर केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थना! असीम २००९ साली निवर्तले. त्यांना प्रत्यक्ष ऐकणे राहूनच गेले.

मित्रहो, दिवसभर बालकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या मला, बंद दाराआड आपला मुलगा काय ऐकतो, हे विचारावेसे कधी वाटले नव्हते. नर्मदेच्या पुलाअलीकडे गाडी थांबवून त्याला फोन केला. “यातले पुढचे कोणते ऐकू?” एवढेच विचारले. क्षणभर शांतता; मग तो कितीतरी वेळ बोलत राहिला.