आधारचा बारावा अंक नेमका कशासाठी? एक आकडा चुकला तरी संगणकाला कसे कळते?

सेतू केंद्रात पीक विम्याचा किंवा अनुदानाचा अर्ज भरताना आधार क्रमांकाचा एखादा आकडा चुकला की संगणक लगेच 'क्रमांक चुकीचा' म्हणतो. इंटरनेट बंद असले तरी ही चूक पकडता येते. त्यामागे साधी यादी नाही, गणित आहे.

आधार क्रमांक १२ अंकी असतो. त्याची सुरुवात ० किंवा १ ने होत नाही. पहिले ११ अंक कसेही येतात. त्यात जात, जिल्हा, वय असे काहीच दडलेले नसते. असे तब्बल ८ हजार कोटी क्रमांक तयार होऊ शकतात. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या पन्नास पटींहून जास्त. बारावा अंक मात्र आधीच्या ११ अंकांवरून हिशेब करून काढतात. हा पडताळ्याचा अंक.

आता हिशेब कसा करायचा? नुसती बेरीज केली तर भागत नाही. ४७२ ची बेरीज १३ आणि ४२७ चीही १३. अंकांची अदलाबदल झाली तर बेरजेला पत्ताच लागत नाही. घाईत लिहिताना ही चूकही बऱ्याचदा होते.

नेदरलँड्सचे गणिती याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये यावर तोड काढली. पाच समान बाजूंची पाटी घ्या. ती फिरवून पाच आणि पालथी करून पाच, अशा दहा प्रकारे त्याच जागी बसते. दहा प्रकार म्हणजे ० ते ९ हे दहा अंक. आधी फिरवून मग पालथी केली आणि आधी पालथी करून मग फिरवली, तर पाटी वेगळी बसते. म्हणजे इथे क्रमाला किंमत आहे. शिवाय अंक कितव्या जागी आहे यावरूनही त्याचे रूप बदलते. त्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले, तर चूक हमखास सापडते. या रीतीने २३६ चा पडताळा अंक ३ येतो. २३६३ बरोबर, ३२६३ चूक.

पण याला मर्यादा आहे. तीन-चार अंक चुकले तर दहातली साधारण एक चूक निसटू शकते. आणि शेजाऱ्याच्या कार्डावरचा क्रमांक चुकून आपल्या अर्जात गेला तर गणित काहीच बोलणार नाही, कारण तो क्रमांक बरोबरच असतो. म्हणून पैसे भलत्याच्या खात्यात जाऊ नयेत यासाठी नावाची जुळणी आणि ओटीपी किंवा अंगठा लागतोच.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. अर्ज 'सबमिट' करण्याआधी चार-चार अंकांचे तीन गट मोठ्याने वाचून घ्या आणि पावतीवरचे नाव स्वतः बघा. अडचण आली तर १९४७ वर फोन करा.