उपकारस्तुती, रोजच्या ताटावरची

नोव्हेंबर लागला की मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, "तुम्ही ख्रिस्ती, म्हणजे थँक्सगिव्हिंग जोरात करत असाल ना?" करतो की! टर्की मात्र आमच्याकडे कुणाला आवडत नाही. पण तो मुळात या देशाचा राष्ट्रीय सण. लिंकनने १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना तो देशभर जाहीर केला आणि चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने पक्का झाला. आमची उपकारस्तुती रोजची, जेवणाआधी अर्ध्या मिनिटाची.

उपकारस्तुती हा आपल्या मराठी चर्चमध्ये रुळलेला शब्द. 'आभार' पेक्षा मला तो आवडतो. आधी उपकार आठवावा लागतो, मग स्तुती. (घरच्या माणसाचे आभार मानू नयेत असे आपण मराठी लोक म्हणतो, ते वेगळेच!)

घरात या बाबतीत गुरू आमच्या सासूबाई. माहेर नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताचा अहिल्यानगर. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या, सुकडी खाऊन दिवस काढलेले. इथे पहाटे उठून नळ सोडतात, गरम पाणी हातावर घेतात आणि म्हणतात, "बापा, तुझे उपकार." आम्हाला त्या नळाची आठवण फक्त तो बिघडला की होते.

दोन वर्षांपूर्वी यांची नोकरी गेली. एच-वन व्हिसावर असलेल्याला अशा वेळी जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत असते, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक आहे. फ्रिजवर कॅलेंडर लावून आम्ही दिवस खोडत होतो. एका रात्री प्रार्थनेला मुलाने हात जोडलेच नाहीत. "आजी, आता कशाचे उपकार?" आम्ही दोघे गप्प. सासूबाई म्हणाल्या, "आजचं जेवण आज हाय न्हवं? तेवढ्याचं म्हण. उद्याचं उद्या मागू." त्याने म्हटले, पण रागानेच. त्यांनी त्याला रागावू दिले, हे मला महत्त्वाचे वाटते.

कारण उपकारस्तुती म्हणजे दुःख झाकणे नव्हे. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे ढिगाने आहेत. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिले तेही नीट वाचावे. प्रत्येक परिस्थितीत उपकार माना, असे तो सांगतो. परिस्थितीबद्दल माना असे नाही. नोकरी गेल्याबद्दल देवाचे आभार मानायला कुणी सांगितलेले नाही. प्रभूने भाकर हाती घेऊन उपकार मानले तीही धरून दिले गेल्याची रात्र होती.

जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचे पाळक मार्टिन रिंकार्ट यांची हकीकत मला नेहमी आठवते. तीस वर्षांच्या युद्धात गाव निर्वासितांनी भरलेले, त्यात १६३७ चा प्लेग. त्यांनी चार हजारांवर माणसे पुरली, त्यांत स्वतःची पत्नीही. जगभरच्या चर्चमध्ये गायले जाणारे उपकारस्तुतीचे एक गीत याच माणसाचे, आणि ते जेवणाच्या वेळची प्रार्थना म्हणून लिहिलेले. अशा माणसाने म्हटले की ऐकावेसे वाटते.

आता आमच्या टेबलावर एकच नियम आहे: आज घडलेली, लहान गोष्ट सांगायची. 'आरोग्य', 'कुटुंब' असले मोठे शब्द चालत नाहीत. बसड्रायव्हर थांबला. भाकरी फुगली. नगरला फोन पहिल्या झटक्यात लागला. कधी कुणाला काही सुचत नाही, मग तो त्या दिवशी नुसता 'आमेन' म्हणतो.

यांना अठ्ठेचाळिसाव्या दिवशी नोकरी मिळाली, पगार कमी. आमच्याच प्रार्थनामंडळातल्या दुसऱ्या एका कुटुंबाला मात्र परत जावे लागले. त्यांनीही साठ दिवस तीच प्रार्थना केली होती. याचा हिशेब मला लागलेला नाही.

तेव्हापासून आम्ही गावाकडच्या हंगामाच्या सणासारखा लिलाव इथेही सुरू केला आहे. परसातली मेथी, मिरच्या, घरचे लोणचे, जे असेल ते वेदीपुढे ठेवायचे आणि उपासनेनंतर बोली लावायची. गेल्या वर्षी एका दुधी भोपळ्याला पंचेचाळीस डॉलर आले. पैसे नोकरी गेलेल्या घराच्या भाड्याला जातात. भोपळा सासूबाईंनी लावलेला होता, आणि त्यांना अजून वाटते की किंमत कमी आली.