टीं-टीं की टीं-टूं?

मुलांनो, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा लॅपटॉप तुमच्या घरात, नाहीतर मामाच्या माळ्यावर पडून आहे का? असेल तर मोठ्यांना विचारून तो खाली काढा आणि त्याच्या कडा नीट न्याहाळा. बहुतेक एका बाजूला साडेपाच सेंटिमीटर रुंदीची चपटी फट दिसेल, शेजारी बारकंसं बटण. फटीत बोट किंवा पेन्सिल मात्र घालू नका हं! आत ६८ नाजूक टाचण्या उभ्या असतात. एक जरी वाकली तरी पंचाईत!

ही फट कशासाठी? तर १९९०च्या दशकात लॅपटॉपमध्ये वायफाय नसायचं. कित्येकांत टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आणणारा मोडेमही नसायचा. हवं ते कार्ड विकत आणायचं आणि फटीत सरकवायचं. लांबी-रुंदी आई-बाबांच्या एटीएम कार्डाएवढी, जाडी बहुतेक वेळा ५ मिलिमीटर. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्येही बसावं म्हणून १९८९ मध्ये अमेरिकेत एक संघटना स्थापन झाली. तिचं लघुरूप पीसीएमसीआयए. हे इतकं अवघड की लोकांनी त्याचा गमतीदार अर्थ लावला, ‘संगणकवाल्यांची लघुरूपं माणसांच्या लक्षात राहत नाहीत!’ इंग्रजीत हे वाक्य अक्षरांशी बरोबर जुळतं. जुळवून बघा पाहू!

बरं, कार्ड फटीत बसलं. लगेच चालेल का? छे! त्याला ‘ड्रायव्हर’ लागतो. ड्रायव्हर म्हटलं की तुम्हाला एसटीचा ड्रायव्हर आठवेल, पण संगणकातला ड्रायव्हर म्हणजे खरं तर दुभाषा. संगणकाचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम एक भाषा बोलते, कार्डातली चिप दुसरीच. दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगणारी छोटी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर.

आता खरी अडचण ऐका. कार्डाच्या खोक्यात फ्लॉपी किंवा सीडी यायची. तिच्यावर विंडोजसाठी ड्रायव्हर असायचा. पण तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर? लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं फिनलंडमध्ये लिहायला घेतली. तिची आज्ञावली कुणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. पण तिच्यासाठी ड्रायव्हर द्यायला बऱ्याच कंपन्या तयार नव्हत्या. काही तर आपली चिप कोणती भाषा बोलते हेही सांगत नसत. दुभाषा नाही आणि शब्दकोशही नाही. करायचं काय?

अमेरिकेतल्या डेव्हिड हाइंड्स यांनी हे काम अंगावर घेतलं. लिनक्ससाठी अशा कार्डांची सगळी व्यवस्था त्यांनी उभी केली आणि वर्षानुवर्षं सांभाळली. तिच्यात ‘कार्डमॅनेजर’ नावाचा एक पहारेकरी असे. कार्ड सरकवलं की तो कार्डाच्या पोटात लिहिलेली माहिती, म्हणजे कंपनी आणि नाव वगैरे वाचायचा, आपल्या यादीशी ताडून बघायचा आणि आवाज काढायचा. टीं-टीं, दोन्ही उंच स्वर आले की कार्ड ओळखलं आणि चालू झालं. टीं-टूं, म्हणजे ओळखलं पण चालू होईना. नुसतंच टूं, तर ओळखच पटली नाही! पडद्याकडे न बघता नुसत्या कानानं दुखणं कळायचं. मला विचाराल तर ही युक्ती आजही ठेवायला हवी होती.

टीं-टूं का व्हायचं? संगणकातल्या प्रत्येक भागाला ‘माझ्याकडे लक्ष द्या’ म्हणून प्रोसेसरला हाक मारावी लागते. जुन्या संगणकात अशा हाकांच्या वाटा अवघ्या १६. बहुतेक कीबोर्ड, डिस्क, माउस यांनी आधीच अडवलेल्या. नव्या कार्डाला मोकळी वाट मिळाली नाही, की टूं! मग कुठली वाट वापरू नये हे एका फाइलमध्ये लिहून पुन्हा प्रयत्न करायचा.

याहून वैताग आणायची ती सारख्या नावाची कार्डं. डी-लिंकचं डीडब्ल्यूएल-६५० हे वायफाय कार्ड घ्या. त्याच नावापुढे नुसतं अधिकचं चिन्ह लावलेलं दुसरं कार्डही बाजारात होतं. नावात फरक एवढाच, पण आतली चिप अगदी वेगळी, दुसऱ्याच कंपनीची! पहिल्याचा ड्रायव्हर दुसऱ्याला काडीचाही उपयोगी नाही. पालकांनो, जुनं कार्ड विकत घेताना नावावर जाऊ नका, मागच्या लेबलवरचा नमुना क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

सगळ्यात चिकाटीची गोष्ट ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांची. कंपनी माहिती देईना. तेव्हा काही जणांनी स्वतःहून दोन गट केले. पहिल्या गटानं कंपनीच्याच ड्रायव्हरचा बारकाईनं अभ्यास केला आणि चिप कशाला काय उत्तर देते याचं साध्या शब्दांत वर्णन लिहून काढलं. दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हर पाहायचाच नाही, फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा. एवढा खटाटोप का? तर ‘तुम्ही आमची नक्कल केलीत’ असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. जून २००६ मध्ये हा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य गाभ्यात दाखल झाला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीनं आपल्या नव्या चिपांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला!

कार्डमॅनेजरचं काम २००५ पासून लिनक्सचा गाभाच करू लागला, त्यामुळे ते टीं-टीं थांबलं. नव्या लॅपटॉपमधून फटही गेली. आणि ड्रायव्हरही कायमचे राहत नाहीत बरं का. गाभा बदलला की त्यांनाही बदलावं लागतं, पण कार्डच कुणाकडे नसेल तर बदल तपासणार कोण? म्हणून मार्च २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.८ मधून जुन्या वायफाय कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढून टाकले. त्यांची आज्ञावली मात्र जुन्या आवृत्त्यांत जशीच्या तशी आहे, कुणालाही वाचता येते.

तेव्हा तसलं जुनं कार्ड चालवून बघायचं असेल, तर लिनक्सची जुनी आवृत्ती घाला. पण मिळालेल्या इंटरनेटवरून आई-बाबांच्या बँकेचं काम करू नका. जुन्या आवृत्तीतली भगदाडं आता कुणी बुजवत नाही, आणि त्या कार्डांपैकी कित्येकांची कुलपंही आज सहज उघडतात.