हात न लावता निवडलेलं अचलपूर

अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत. इंग्रजी अक्षरक्रमाने नावं लावली की सगळ्यात वर येतं अचलपूर, मग अमरावती, मग अंजनगाव सुर्जी, आणि अगदी तळाला वरूड. ऑनलाइन फॉर्ममधला ‘तालुका’ हा ड्रॉपडाउन याच क्रमाने भरला आणि बाकी काहीच केलं नाही, तर फॉर्म उघडताच तिथे अचलपूर निवडलेलं असतं. वरूडच्या एखाद्या मुलीने घाईत त्या रकान्याला हातच लावला नाही, तरी फॉर्म जातो आणि तिची नोंद अचलपूरची होते.

रकाना बंधनकारक करायला एचटीएमएलमध्ये ‘रिक्वायर्ड’ हा शब्द आहे. कोडमध्ये तो अर्थातच इंग्रजी लिपीत लिहायचा. नाव, मोबाइल नंबर अशा टाइप करायच्या रकान्यांना तो लावला की काम भागतं. रकाना कोरा असला की ब्राउझर फॉर्म अडवतो. म्हणून बरेच जण ड्रॉपडाउनच्या ‘सिलेक्ट’ टॅगलाही तोच शब्द लावतात आणि निश्चिंत होतात. पण साधा ड्रॉपडाउन कोरा नसतोच. कुणी काही निवडलं नाही, तर पहिला पर्याय आपसूक निवडला जातो. ब्राउझरच्या लेखी उत्तर आलेलं आहे, मग तो अडवणार कशाला?

त्यासाठी यादीच्या डोक्यावर एक रिकामा पर्याय ठेवावा लागतो. वाचणाऱ्याला तिथे ‘तालुका निवडा’ असं दिसतं, पण त्याची ‘व्हॅल्यू’ कोरी असते: बरोबरचं चिन्ह, पुढे दोन अवतरणचिन्हं आणि त्यांच्या मधे काहीही नाही, स्पेससुद्धा नाही. हा पर्याय पहिलाच हवा आणि कुठल्याही ‘ऑप्टग्रुप’मध्ये कोंबलेला नको. आता ‘रिक्वायर्ड’ला पकडायला काहीतरी मिळालं. या पर्यायाची व्हॅल्यू लिहायचीच राहिली, तर त्याचा मजकूर हीच व्हॅल्यू धरली जाते आणि तालुक्याच्या जागी ‘तालुका निवडा’ अशी नोंद येऊन पडते. हा पर्याय पुन्हा निवडता येऊ नये म्हणून त्याला ‘डिसेबल्ड’ करतात, तेही चालतं; मात्र तेव्हा त्याला ‘सिलेक्टेड’ही लावावं लागतं, नाहीतर ब्राउझर त्याला ओलांडून पुढचाच पर्याय निवडतो, आणि कोरी व्हॅल्यूही हवीच. ती नसेल तर तपासणी पार पडते आणि तालुका मात्र पाठवलाच जात नाही.

जिल्हा निवडल्यावर तालुके बदलणारे फॉर्म जास्त नाजूक असतात. जिल्हा अमरावतीऐवजी अकोला केला की स्क्रिप्ट नवी यादी भरते. तिने रिकामा पर्याय पुन्हा वर ठेवला नाही, तर अकोला तालुका आपोआप बसतो आणि अकोटचा विद्यार्थी अकोल्याचा होतो. काही जण जिल्हा निवडेपर्यंत तालुक्याचा रकाना ‘डिसेबल्ड’ ठेवतात. असा रकाना ब्राउझर तपासतही नाही आणि पाठवतही नाही, म्हणून तो वेळेवर उघडतो ना, हे स्वतः पाहावं.

शोभिवंत ड्रॉपडाउनमध्ये मूळ रकाना पडद्यामागे लपवलेला असतो. तो चुकला तरी ब्राउझरला त्याच्याजवळ सूचना दाखवता येत नाही. फॉर्म जात नाही आणि का जात नाही तेही कळत नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेला माणूस बटण दाबत राहतो. अशा ठिकाणी साधा ड्रॉपडाउन बरा, असं माझं ठाम मत आहे.

बंधनकारक केल्यावर खरं उत्तर यादीत सापडलंही पाहिजे. परतवाड्याचा माणूस तालुक्यांत परतवाडा शोधतो. तो तालुका नाही, अचलपूर तालुक्यातलं गाव आहे. रकान्याखाली ‘परतवाडा असल्यास अचलपूर निवडा’ एवढं लिहिलं तरी तो अडत नाही. जिथे प्रश्नच लागू नसेल तिथे ‘लागू नाही’ हा पर्याय द्यावा, नाहीतर माणूस सुटकेसाठी काहीही निवडतो.

ब्राउझरची ही अडवणूक भरणाऱ्याच्या सोयीची आहे. ती टाळून माहिती पाठवता येते. म्हणून सर्व्हरवरही तपासावं: तालुका आला का, आणि तो त्याच जिल्ह्याच्या यादीतला आहे का.

जुन्या नोंदींत खरं अचलपूर आणि हात न लावलेलं अचलपूर सारखंच दिसतं. शेजारी पिनकोडचा रकाना असेल तर थोडं सावरता येतं. अचलपूरचा ४४४८०६, परतवाड्याचा ४४४८०५, वरूडचा ४४४९०६. तालुका अचलपूर आणि पिनकोड वरूडचा अशा ओळी आधी बाजूला काढाव्यात आणि त्या माणसांना फोन करून विचारावं.