तारेची जाडी आणि विजेची बचत

डोंबिवलीत घराचे अथवा छोट्या कारखान्याचे वायरिंग नव्याने करावयाचे झाले म्हणजे एक प्रश्न हमखास निघतो : तार आवश्यकतेहून जाड घातल्यास वीज वाचते काय? वाचते, हे खरे. परंतु किती वाचते, हे तारेतून किती प्रवाह किती वेळ वाहतो यावर अवलंबून असते.

तारेच्या रोधामुळे विजेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. तारेचा छेद वाढविला की रोध, आणि त्याबरोबर हा व्यय, त्याच प्रमाणात घटतो. उलट, प्रवाह दुप्पट झाल्यास व्यय चौपट होतो.

समजा, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात मीटरपासून ३० मीटरवरील एक यंत्र १० अँपिअर प्रवाह घेते. जाण्यायेण्याची मिळून तार ६० मीटर झाली. ती तांब्याची व २.५ चौ. मि.मी. छेदाची असल्यास सुमारे ४१ वॅट वाया जातात, ४ चौ. मि.मी.ची असल्यास सुमारे २६. यंत्र वर्षाला ४,८०० तास चालत असेल, तर सुमारे ७४ युनिटे वाचतात, आणि ही बचत दरवर्षी होत राहते.

आता तेवढ्याच लांबीच्या तारेवर घरातील १ अँपिअरचे दिवे-पंखे रोज पाच तास चालतात असे धरू. प्रवाह एकदशांश, म्हणून व्यय एकशतांश. वर्षाची बचत पाव युनिटाहून किंचितच अधिक भरते. एवढ्यासाठी तांब्याचा जादा खर्च करणे परवडणारे नाही. घरात पुरेशा जाड तारेचे खरे प्रयोजन सुरक्षितता हे होय; गीझर व वातानुकूलन यंत्राच्या तारा त्यामुळे बेताच्याच तापतात. मात्र जोड सैल राहिल्यास जाड तारही तेथे धोकादायक रीतीने तापते.

तारेवरील वार्षिक भांडवली खर्च आणि वाया गेलेल्या विजेचे मूल्य यांचा मेळ घालून जाडी ठरवावी, हा नियम केल्व्हिन यांनी १८८१ मध्ये मांडला. व्यय कमी करण्याचा दुसरा मार्ग प्रवाहच घटविण्याचा. डोंबिवलीवरून जाणाऱ्या लोहमार्गावर १,५०० व्होल्टऐवजी २५,००० व्होल्टचा पुरवठा आला, तेव्हा तेवढ्याच शक्तीसाठी लागणारा प्रवाह कितीतरी कमी झाला. घरात वा कारखान्यात विभवांतर आपल्या हाती नसते. तारेची निवड मात्र असते. म्हणून खरेदीपूर्वी अँपिअर व तास यांचा हिशेब करावा.